वीजबिलातला ‘इंधन समायोजन आकार’ : घाऊक विजेचा खर्च आयोग कसा मोजतो

नागपुरात कूलर सुरू झाले की वीजबिलावरची एक ओळ सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागते : इंधन समायोजन आकार. महावितरणने गुपचूप लावलेला नवा कर, असा तिच्याबद्दलचा समज दर उन्हाळ्यात नव्याने पसरतो. खरं म्हणजे ही ओळ एक वजाबाकी आहे. वर्षाचा वीजदर ठरवताना महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग वीज विकत घ्यायला किती खर्च येईल याचा एक अंदाज मंजूर करतो. प्रत्यक्ष खर्चातून तो अंदाज वजा केला की जे उरतं ते या ओळीत येतं. म्हणजे ओळ फुगली तर कारण दोनांपैकी एक असतं : कोळसा किंवा वीज खरोखर महागली, किंवा मुळातला अंदाजच कमी धरला गेला. पहिल्या कारणावर सगळे बोलतात. माझ्या मते ग्राहकाने भांडायचं ते दुसऱ्यावर.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम ६२(४) प्रमाणे वीजदर एका आर्थिक वर्षात साधारणपणे एकदाच बदलता येतो. अपवाद आहे तो इंधन अधिभाराच्या सूत्राचा. कोळशाचा भाव मात्र वर्षातून एकदाच बदलत नाही, म्हणून हे सूत्र लागतं. आयोग १९९९ पासून आहे. जुन्या वीज मंडळाचं विभाजन जून २००५ मध्ये झालं आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. महावितरण स्वतः वीज बनवत नाही, विकत घेते. वितरण कंपनीच्या एकूण खर्चात वीजखरेदीचा वाटा आपल्या देशात साधारण तीन-चतुर्थांश असतो. तारा, रोहित्रं, कर्मचारी, व्याज हे सगळं उरलेल्या भागात. त्यामुळे घरगुती दराचा प्रश्न हा मुळात वीजखरेदीचा प्रश्न आहे.

ही खरेदी कशी होते, हे पाहायला नागपूरकराला लांब जावं लागत नाही. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, भंडारा रस्त्याला मौदा, आणि पुढे गोंदिया जिल्ह्यात तिरोडा. तिन्ही दिशांना कोळसाच जळतो, पण विजेची किंमत ठरण्याच्या वाटा तीन आहेत.

कोराडीचे ६६० मेगावॉटचे तीन संच आणि खापरखेड्याचे २१० चे चार व ५०० चा एक हे महानिर्मितीचे. त्यांचा दर राज्य आयोग कलम ६२ खाली खर्चाच्या आधारे ठरवतो. मौद्याचं केंद्र एनटीपीसी या केंद्र सरकारच्या कंपनीचं, २३२० मेगावॉटचं. त्याची वीज अनेक राज्यांत वाटली जाते, म्हणून त्याचा दर केंद्रीय विद्युत नियामक आयोग ठरवतो. राज्य आयोगाला तो जसाच्या तसा हिशेबात घ्यावा लागतो. तिरोड्याचं ३३०० मेगावॉटचं केंद्र खासगी, आणि तिथला मार्ग कलम ६३ चा : निविदेत निघालेला दर आयोगाने स्वीकारायचा. तिथे आयोग ‘तुमचा खर्च दाखवा’ असं म्हणू शकत नाही. करारात जे लिहिलं आहे, त्यात ठरलेले वाढीचे निर्देशांक, आणि ‘कायद्यातील बदल’ (करारानंतर कर किंवा नियम बदलल्याने वाढलेला खर्च) या कलमाखाली मंजूर झालेली भरपाई, एवढंच. या भरपाईचे वाद वर्षानुवर्षं चालतात आणि निकाल लागला की थकबाकी व्याजासकट येते. आज तुमच्या बिलात आलेला एखादा पैसा पाच-सहा वर्षांपूर्वीच्या कोळशाचाही असू शकतो, तो असा.

आता कोराडीसारख्या केंद्राचा हिशेब नीट पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. दराचे दोन भाग असतात. स्थिर खर्चात कर्जाचं व्याज, घसारा, भांडवलावरचा परतावा, देखभाल येतात; चल खर्चात इंधन. चल खर्च केंद्राने प्रत्यक्षात किती कोळसा जाळला यावरून थेट मंजूर होत नाही. आयोग काही मानकं घालून देतो : एक युनिट बनवायला किती किलोकॅलरी उष्णता लागावी, केंद्राने स्वतःच्या वापरासाठी किती टक्के वीज ठेवावी, तेल किती मिलिलिटर लागावं. त्यापेक्षा जास्त जाळलं तर तो भार कंपनीचा.

समजायला सोपे आकडे घेतो. हे कोणत्याही विशिष्ट संचाचे नाहीत. उष्णतेचं मानक २३७५ किलोकॅलरी प्रति युनिट, कोळशाचा उष्मांक (जळताना मिळणारी उष्णता) ३५०० किलोकॅलरी प्रति किलो, केंद्रात पोहोचलेल्या कोळशाचा भाव ४००० रुपये टन, स्वतःचा वापर ७ टक्के. २३७५ ला ३५०० ने भागलं की युनिटमागे ०.६७९ किलो कोळसा. त्याचे २.७१ रुपये. बाहेर जाणारी वीज ९३ टक्केच असल्यामुळे ०.९३ ने भागायचं : २.९२ रुपये. आता भाव तोच ठेवून फक्त उष्मांक ३२०० वर आणा. कोळसा लागतो ०.७४२ किलो आणि दर होतो ३.१९ रुपये. टनाचा भाव एक रुपयानेही वाढला नाही, तरी युनिट २७ पैशांनी महाग.

म्हणून वीजदराच्या सुनावणीत कोळशाच्या भावापेक्षा उष्मांकावर जास्त प्रश्न विचारायला हवेत. कोळशाची प्रतवारी जी-१ ते जी-१७ अशी उष्मांकावरून होते आणि दोन प्रतींमध्ये ३०० किलोकॅलरीचं अंतर असतं. खाणीच्या बिलावर एक प्रत लिहिलेली असते, वॅगन रिकामी होताना नमुना दुसरंच सांगतो. वरच्या उदाहरणात एक प्रत घसरण्याची किंमत २७ पैसे निघाली, हे लक्षात ठेवा. राज्य आयोगाने या घसरणीला मर्यादा घातली आहे. त्यापलीकडचं नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. पण मर्यादा सैल करून मिळावी म्हणून अर्ज होत राहतात, आणि तो अर्ज कुठल्या पानावर आहे ते कंपनीने आयोगाकडे केलेल्या दराच्या याचिकेत शोधावं लागतं. पावसाळ्यात आणखी एक भानगड : ओल्या कोळशाचं वजन वाढतं आणि उष्मांक उतरतो, म्हणजे पाण्याचेही पैसे. वाटेतल्या तुटीलाही मानक आहे, खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्राला ०.२ टक्के, दूरच्याला ०.८ टक्के. वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचं मुख्यालय नागपुरातच आहे आणि आजूबाजूला खाणीच खाणी, म्हणून आपल्याला वीज आपोआप स्वस्त पडावी असं अनेकांना वाटतं. दर संपूर्ण राज्यात महावितरणच्या ग्राहकांना एकच असल्यामुळे तसं होत नाही. जवळच्या खाणीचा फायदा सरासरीत मिसळून जातो.

स्थिर खर्चाचं गणित उलट आहे. केंद्र ठरलेल्या प्रमाणात, सहसा ८५ टक्के, उपलब्ध राहिलं की स्थिर खर्च पूर्ण द्यावा लागतो. मग वीज घेतली असो वा नसो. समजा ८५ टक्के वीज घेतली तेव्हा युनिटमागे स्थिर खर्च १.५० रुपये पडतो. मागणी घटली किंवा दुपारी सौरवीज भरपूर आली म्हणून ६० टक्केच घेतली, तर तोच खर्च २.१३ रुपये होतो. मागणीचा अंदाज फुगवून करार केले की हे घडतं. घरगुती ग्राहक ‘वापर कमी केला तरी बिल का उतरत नाही’ म्हणतो, त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा इथे आहे.

कुठल्या केंद्राची वीज कधी घ्यायची, हे चल खर्चाच्या चढत्या क्रमाने ठरतं. स्वस्त आधी, महाग शेवटी. ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र हे पाहतं, आणि त्याचं विभागीय केंद्र आपल्या नागपुरातल्या अंबाझरीला आहे. या क्रमवारीत फक्त चल खर्च बघतात, स्थिर नाही. कारण स्थिर खर्च तर द्यायचाच आहे. तरीही वीज कमी पडली तर वीजबाजारातून. तिथे दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग असतात आणि प्रत्येक भागाचा भाव वेगळा निघतो. एप्रिल २०२३ पासून नेहमीच्या बाजारात युनिटला १० रुपयांची कमाल मर्यादा आहे. दुपारचा भाव आणि संध्याकाळी सातनंतरचा भाव यांत किती फरक पडतो, हे बाजाराच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. ते पाहिल्यावर ‘बाजारातून सरासरी अमुक रुपयांनी वीज मिळेल’ हा याचिकेतला अंदाज कितपत खरा, ते लगेच कळतं. कारण महावितरणला बाजाराची गरज भासते ती बहुतेक वेळा संध्याकाळी, आणि सरासरी मात्र दिवसभराची दाखवली जाते.

मग गळती. घेतलेल्या १०० युनिटांतली ३ टक्के पारेषणात आणि उरलेल्यातली १४ टक्के वितरणात गेली असं धरलं, तर मीटरवर ८३.४ युनिटं पोहोचतात. म्हणजे केंद्राच्या दारातले २७ पैसे घराच्या दारात ३२ पैसे होतात. गळतीचं उद्दिष्टही आयोगच ठरवतो, आणि दर ठरवताना प्रत्यक्ष गळती न घेता ते उद्दिष्ट घेतो.

एवढं सगळं जमवून आयोग वर्षाचा वीजखरेदी खर्च मंजूर करतो. त्यानंतर दर महिन्याला प्रत्यक्ष खर्च येऊ लागतो आणि समायोजनाचं सूत्र चालू होतं. त्यात तीन रकमांची बेरीज असते : वीजखरेदी आणि इंधनाच्या खर्चातला फरक, थकलेल्या रकमेवरचं व्याज, आणि आधीच्या महिन्यांत जास्त किंवा कमी वसूल झालेल्याची दुरुस्ती. ही बेरीज भागिली जाते ती मीटरवरची विक्री, मीटर नसलेल्या शेतीपंपांचा अंदाजित वापर आणि उद्दिष्टापेक्षा जास्त झालेली गळती या तिघांच्या एकत्र युनिटांनी.

या भागाकाराकडे नीट पाहा. जादा गळतीची युनिटं छेदात धरली म्हणजे त्यांच्या वाट्याचा आकार कुठल्याच ग्राहकाकडून घेता येत नाही. तो कंपनीने सोसायचा. ग्राहकाच्या बाजूने केलेली ही फार चांगली तरतूद आहे. पण तिच्या शेजारीच शेतीपंपांचा अंदाजित वापर बसला आहे. गळतीतली काही युनिटं ‘शेतीचा वापर’ म्हणून दाखवली तर भागाकार तोच राहतो, पण कंपनीने सोसायचा भाग वसुलीयोग्य होतो. शेतीच्या अंदाजित वापरावर ग्राहक संघटना इतक्या चिवटपणे का भांडतात, ते यावरून समजेल. शेतकऱ्याशी त्या भांडणाचा काही संबंध नाही.

निघालेला दर सगळ्यांना सारखा लागत नाही. प्रत्येक वर्गाचा सरासरी दर भागिले पुरवठ्याचा सरासरी खर्च, या गुणोत्तराने तो गुणला जातो. उदाहरणच घ्या : सरासरी आकार ५० पैसे, पुरवठ्याचा सरासरी खर्च ९ रुपये. १०० युनिटांपर्यंतच्या टप्प्याचा दर ६ रुपये असेल तर आकार ३३ पैसे, १०१ ते ३०० चा १२ असेल तर ६७, ३०१ ते ५०० चा १५ असेल तर ८३ पैसे. मे महिन्यात कूलर लावून ४०० युनिटं झालेल्या घराला ३३, १३४ आणि ८३ मिळून २५० रुपये. त्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे आणखी ४०. हे शुल्क समायोजन आकारावरही लागतं, त्यामुळे कोळसा महागला की सरकारचं उत्पन्नही वाढतं. मला हे पटत नाही. अंदाजातली चूक भरून काढणाऱ्या रकमेवर तरी शुल्क नसावं.

महिन्यांचा मेळही समजून घ्यायला हवा. खर्च एका महिन्यात होतो, त्याचा हिशेब व्हायला वेळ लागतो, आणि वसुली पुढच्या महिन्याच्या वापरावर होते. फेब्रुवारी-मार्चच्या युनिटांवर काढलेला दर एप्रिल-मेच्या युनिटांवर लागला, तर विदर्भात तोवर वापर कितीतरी वाढलेला असतो. जास्त वसूल झालेली रक्कम पुढे दुरुस्तीच्या भागातून परत वळवली जाते, पण ती सगळ्यांच्या दरात मिसळून. ज्याने मे महिन्यात दिली त्यालाच मिळेल असं नाही. भाडेकरू घर सोडून गेला तर त्याचं गेलंच.

सूत्राला दोन कुंपणं आहेत. मासिक आकार ग्राहकाच्या दरातल्या चल भागाच्या, म्हणजे युनिटमागे लागणाऱ्या दराच्या, २० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. उरलेलं पुढे ढकललं जातं, आणि त्यावर व्याज चढतं. ही मर्यादा धक्का विभागून देते, रक्कम कमी करत नाही, हे विसरू नये. दुसरं, तिमाही संपल्यावर ६० दिवसांत सगळा तपशील आयोगाकडे द्यावा लागतो आणि आयोग तो तपासतो.

३० मार्च २०२० च्या दर आदेशात आयोगाने एक चांगली कल्पना आणली होती : समायोजन निधी. वीज अंदाजापेक्षा स्वस्त पडली तर ती बचत लगेच न वाटता निधीत साठवायची, महागली की आधी निधीतून भागवायचं. महावितरणसाठी हा निधी १५०० कोटींपर्यंत ठरला. कोरोनाच्या काळात मागणी पडली, वीज स्वस्त मिळाली, निधी साठला आणि कित्येक महिने बिलावर हा आकार शून्य होता. मग ऑक्टोबर २०२१ ची कोळसाटंचाई आली, २०२२ च्या उन्हाळ्यात टंचाई पुन्हा वाढली, केंद्र सरकारने आयात कोळसा १० टक्के मिसळायला सांगितलं, निधी संपला, आणि ओळ परत उगवली. लोकांना ती नवी वाटली, कारण मधली दोन वर्षं तिने तोंड दाखवलं नव्हतं. निधीची कल्पना बरोबर होती. २०२२ एवढ्या मोठ्या झटक्यापुढे आकार पुरला नाही.

डिसेंबर २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने विद्युत नियमांत दुरुस्ती केली. राज्य आयोगाने स्वतःचं सूत्र ठरवलं नसेल तर केंद्र सरकारचं लागू : एका महिन्याचा फरक तिसऱ्या महिन्यात आपोआप बिलात, ५ टक्क्यांपर्यंत पूर्ण, त्यावरच्या भागाचे ९० टक्के आपोआप आणि उरलेले अंतिम हिशेबात. वेळेत लावला नाही तर कंपनी वसुलीचा हक्क गमावते, ही त्यातली सगळ्यात उपयोगी अट. जुनी बाकी अचानक उकरून काढण्याला त्यामुळे आळा बसतो.

ब्रिटनमध्ये हेच काम पूर्ण उलट्या पद्धतीने होतं, आणि तुलना डोळे उघडणारी आहे. तिथला नियामक ऑफजेम १ जानेवारी २०१९ पासून घरगुती दराला कमाल मर्यादा घालतो. तो कंपनीला ‘तुम्ही किती खर्च केलात’ असं विचारत नाही. ठरावीक काळात पुढच्या पुरवठ्याचे वायदेभाव काय होते याची सरासरी काढतो आणि शहाण्या कंपनीने त्या भावाने आधीच खरेदी केली असणार असं धरतो. आधी मर्यादा सहा महिन्यांनी बदलायची, ऑक्टोबर २०२२ पासून तीन महिन्यांनी. तीन महिन्यांच्या मर्यादेसाठी भाव मात्र बारा महिन्यांच्या वायद्यांचे धरतात, त्यामुळे हिवाळ्याचा भाव उन्हाळ्याहून फार वर गेला की तूट पडते; तिच्यासाठी वेगळी रक्कम द्यावी लागली. २०२१-२२ मध्ये भाव उसळले तेव्हा आगाऊ खरेदी न केलेल्या सुमारे ३० कंपन्या बुडाल्या, आणि त्यांच्या ग्राहकांना सामावून घेण्याचा खर्च शेवटी सगळ्या बिलांवर आला. म्हणजे तिथे जोखीम आधी कंपनीवर, मग ग्राहकावर. आपल्याकडे सरळ ग्राहकावर, फक्त उशिरा. आपल्या पद्धतीत कंपनी बुडत नाही, पण वीज स्वस्त विकत घेण्याची तिची निकडही कमी होते. ती निकड आयोगाच्या तपासणीतूनच आणावी लागते.

तपासणीत ग्राहकाचा वाटा असा. बहुवार्षिक दराची किंवा मध्यावधी आढाव्याची याचिका आली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, संकेतस्थळावर याचिका ठेवतात आणि नागपुरातही जनसुनावणी होते. ‘दर वाढवू नका’ असं पत्र दिलं तर त्याला उत्तर म्हणून एक ठरावीक परिच्छेद मिळतो. त्यापेक्षा याचिकेतला वीजखरेदीचा तक्ता काढा. प्रत्येक केंद्रापुढे युनिटं, स्थिर खर्च, चल दर असे रकाने असतात. मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष चल दर आणि पुढच्या वर्षाचा प्रस्तावित चल दर शेजारी लिहा. एखाद्या केंद्राचा दर कारण न देता उतरवलेला दिसला तर तेच विचारा, कारण ती आजची स्वस्ताई आठ महिन्यांनी समायोजन आकार होऊन येते. धरलेला उष्मांक मागच्या तीन वर्षांत मिळालेल्या उष्मांकाहून जास्त असेल तर तेही. लेखी हरकत दिलेल्या मुदतीत द्यावी, प्रत महावितरणला पाठवावी आणि प्रत्यक्ष बोलायचं असल्यास तसं पत्रातच नमूद करावं.

बिल तुलना करताना एक सावधगिरी. नवा दर आदेश आला की आधार बदलतो आणि आकार सहसा शून्याजवळून पुन्हा सुरू होतो, कारण महागाई मूळ दरात शिरलेली असते. २८ मार्च २०२५ च्या आदेशाला लगेच स्थगिती मिळाली आणि २५ जूनला पुनर्विलोकन आदेश आला. अशा वर्षात दोन महिन्यांचे आकार शेजारी ठेवण्याआधी त्या त्या महिन्याला कुठल्या आदेशाचा आधार लागू होता ते बघा. मूळ दर अधिक समायोजन आकार, ही बेरीजच तुलनेला घ्यावी.

आणि सध्या एक घट शोधायची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा भरपाई उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वीज जीएसटीबाहेर असल्याने केंद्रांना या कराचा परतावा मिळत नाही. तो पूर्ण दरात येतो. करपूर्व भाव १५०० रुपये टन असेल तर आधी ७५ अधिक ४०० म्हणजे ४७५ रुपये कर होता, आता २७०. टनाला २०५ रुपयांची बचत. ३०७७ रुपयांच्या आसपास दोन्ही कर सारखे होतात, आणि त्याहून महाग कोळशावर उलट बोजा वाढतो. देशी कोळशावर चालणाऱ्या केंद्रांच्या चल दरात ही घट दिसायलाच हवी. टनाला २०५ रुपये म्हणजे वरच्या उदाहरणातल्या केंद्राला युनिटमागे १५ पैसे. ऑक्टोबर २०२५ नंतरच्या हिशेबांत ते केंद्रनिहाय शोधा.